मुंबईचे नाव लाभलेले रक्त

'रक्ताचे नाते' हा शब्दप्रयोग आपण कुळाच्या अर्थाने करतो. १९०१ साली कार्ल लँडस्टायनरने रक्तगट वेगळे करून दाखवले, तेव्हा या अर्थाला पहिला छेद गेला. सख्ख्या भावाचे रक्त मारक आणि परक्याचे तारक ठरू शकते, हे उमगले. प्रसूती, अपघात, शस्त्रक्रिया अशा प्रसंगी रक्त चढवणे पुढे नित्याचे झाले. 'ओ' गट तर सर्वांचा दाता मानला गेला.

या समजुतीची मर्यादा मुंबईत उघड झाली. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एका नव्या रक्तप्रकाराची नोंद केली. तोच 'बॉम्बे' रक्तगट. नेहमीच्या चाचणीत तो 'ओ'सारखाच भासतो. परंतु 'ओ'च्या पेशींवर असणारे 'एच' प्रतिजन त्यात नसते, उलट त्याविरुद्धची प्रतिपिंडे असतात. अशा रुग्णाला 'ओ' रक्त चढवले तर त्या पेशी फुटतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, प्राणही जाऊ शकतो. म्हणूनच पिशवीवरच्या अक्षरावर न विसंबता रुग्णाचा रक्तद्रव व दात्याच्या पेशी प्रत्यक्ष जुळवून पाहाव्या लागतात.

भारतात सुमारे १०,००० जणांत एकाचे असणारे हे रक्त आईवडील दोघांकडून आलेल्या जनुकांमुळे घडते. त्यामुळे दाता शोधताना आधी भावंडे तपासतात. 'रक्ताचे नाते' इथे पुन्हा अक्षरशः खरे होते. भावंडांत मात्र साधारणतः चौघांत एकाचीच शक्यता असते. ती हुकली, तर केळापूरच्या रुग्णालाही कुठल्या तरी दूरच्या, अनोळखी दात्याचीच वाट पाहावी लागते.