सुक्याबरोबर ओलं

इंग्रजीत 'हेम्प' नावाचा एक शब्द आहे. आपली अंबाडी इंग्रजीत होते 'डेक्कन हेम्प', ताग होतो 'सन हेम्प', बांधावरची घायपात होते 'सिसल हेम्प', आणि खरं हेम्प म्हणजे भांगेचं झाड. ही चार झाडं वनस्पतिशास्त्राच्या चार वेगळ्या कुळांतली, पण इंग्रजांनी चौघांना एकच आडनाव लावून टाकलं. ज्याच्यापासून वाख निघतो, दोर वळता येतो, ते त्यांच्या लेखी हेम्प!

हे सगळं आठवायला कारण झालं पुण्याच्या भाचीच्या फोनचं. तिने दुकानात 'हेम्प सीड'ची पिशवी पाहिली आणि मला विचारलं, "मामा, हा गांजाच ना? मग सरकार सरसकट बंदी का घालत नाही?" प्रश्न सरळ आहे. उत्तराला मात्र सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, म्हणून ते फोनवर न देता इथेच लिहितो.

आधी आमच्या बीडकडचं सांगतो. माझ्या लहानपणी ज्वारीच्या रानात कडेने अंबाडीची एखादी ओळ असायचीच. कोवळी असताना पाल्याची भाजी, कण्या घालून, वरून लसणाची फोडणी. जून झाली की कापून पेंढ्या बांधायच्या आणि ओढ्याच्या डोहात दगड ठेवून भिजत घालायच्या. काही दिवसांनी साल सुटायची. त्या वासाने नाक धरावं लागे, पण त्या सालीचाच पांढरा वाख व्हायचा. गावातली मातंग मंडळी त्याचे दोर वळायची. कासरा, दावं, वेसण, चऱ्हाट, मोटेचा नाडा, सगळं त्यांच्या हातचं. पोळ्याला बैलाच्या अंगावर नवी वेसण आणि नवा कासरा चढायचा तो त्यांच्याकडून, आणि सुगीला त्यांचं बलुतं त्यांना पोचायचं. आता गंमत पाहा. अंबाडीचं शास्त्रीय नाव 'हिबिस्कस कॅनाबिनस', म्हणजे भांगेसारखी. पानं तशीच बोटाबोटांची, म्हणून हे नाव पडलं. नशेचा मात्र तिच्यात लवलेशही नाही.

अंबाडीवर कधी कुठल्या सरकारने बंदी घातली नाही. तिला मारलं नायलॉनच्या दोराने. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की मास्तर सगळ्याच गोष्टींचं खापर कायद्यावर फोडतात.

आता भांगेच्या झाडाकडे वळू. त्या एका झाडाचे चार उपयोग. खोडाच्या सालीचा वाख, बी, पाला म्हणजे भांग, आणि मादीझाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. त्याचाच चीक म्हणजे चरस. नशा शेंड्यात आणि चिकात जास्त, पाल्यात कमी, वाखात नाही, आणि निवडून स्वच्छ केलेल्या बियात नावापुरतीच. कुमाऊँ-गढवालकडे या बियांची चटणी घरोघरी करतात, जशी आपल्याकडे कारळाची किंवा जवसाची. ती खाऊन कुणी झिंगत नाही.

या झाडावर सरसकट बंदी घालावी काय, हा प्रश्न गांभीर्याने विचारला गेला तो १८९३ साली, आणि तोही लंडनमध्ये! पार्लमेंटचे सभासद डब्ल्यू. एस. केन हे दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांनी प्रश्न उपस्थित केला की हिंदुस्थानात गांजामुळे लोक वेडे होत आहेत, सरकार काय करतंय? त्यावरून हिंदुस्थान सरकारने एक आयोग नेमला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. एकूण सात सभासद, त्यांतले तीन हिंदी. आयोग देशभर फिरला, ११९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ साली अनेक खंडांचा अहवाल दिला. मुंबई, सिंध, वऱ्हाड इथल्या साक्षीही त्यात आहेत. मुंबई इलाख्यात गांजाची लागवड मुख्यतः होत असे ती आमच्या शेजारच्या नगर जिल्ह्यात, जो आष्टी तालुक्याला लागूनच आहे. आमचा बीड तेव्हा निजामाच्या मुलखात. तेव्हा हा काही दूर बंगालातला विषय नव्हता. शिवेपलीकडच्या शेतकऱ्याच्या पोटाचा प्रश्न होता.

या अहवालातला मला सर्वांत आवडलेला भाग वेड्यांच्या इस्पितळांचा. तिथल्या नोंदवह्यांत वेडाचं कारण म्हणून 'गांजा' असं सर्रास लिहिलेलं होतं. केनसाहेबांच्या बाजूने यापेक्षा मोठा पुरावा कोणता? पण आयोगाने नुसत्या आकड्यावर विश्वास ठेवला नाही. १८९२ साली भरती झालेल्या अशा २२२ रुग्णांची एकेकाची चौकशी केली. तेव्हा दिसलं की पुष्कळदा कारणाचा रकाना पोलिसांनी आणलेल्या कागदावरून भरलेला होता. माणूस कोण, कुठला, घरच्यांचं म्हणणं काय, कुणी विचारलेलंच नाही. रकाना रिकामा नको म्हणून 'गांजा'. चौकशीअंती २२२ पैकी ९८ ठिकाणीच गांजा-भांगेचा काही संबंध असावा असं ठरलं आणि त्यातही फक्त ६१ ठिकाणी दुसरं कुठलं कारण नव्हतं. शाळेत हजेरीपट भरण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे वाचून हसूही येतं आणि लाजही वाटते. 'गैरहजेरीचे कारण' या रकान्यात आपण 'आजारी' असं किती वेळा ठोकून दिलं जातं हे पाहिलेलं असतं. एकदा रकान्यात गेलं की ते खरं होतं, पुढे त्याचा तक्ता होतो आणि तक्त्यावरून धोरण ठरतं.

आयोगाचा निष्कर्ष असा की बेताने सेवन करणाऱ्यावर फारसा दुष्परिणाम होत नाही, अतिसेवनाने होतो. सरसकट बंदीची गरज नाही आणि ती शहाणपणाचीही ठरणार नाही. त्याऐवजी लागवडीवर, विक्रीवर नियंत्रण ठेवा, कर बसवा.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. इंग्रज सरकारला गांजाच्या अबकारीतून चांगलं उत्पन्न मिळत होतं. त्यामुळे बंदी नको हा निष्कर्ष त्यांच्या तिजोरीला सोयीचाच होता. शिवाय राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद या दोन हिंदी सभासदांनी आपली भिन्नमतं स्वतंत्र लिहून जोडली. म्हणजे अहवाल एकमुखी नव्हता. पण एक गोष्ट त्यांनी केली ती आजही शिकण्यासारखी आहे. त्यांनी आधी विचारलं. पिकवणाऱ्याला, विकणाऱ्याला, ओढणाऱ्याला, वैद्याला आणि बैराग्यालासुद्धा. मुंबईचे कॅम्पबेलसाहेब, ज्यांनी आपल्या जिल्ह्यांची गॅझेटियर सिद्ध केली, त्यांनी शिवभक्ती आणि भांग यांच्या संबंधावर एक टिपण आयोगाला दिलं. वैजनाथाच्या जिल्ह्यात राहणाऱ्याने ते जरूर वाचावं.

पुढे १९६१ साली संयुक्त राष्ट्रांचा अमली पदार्थांचा करार झाला. त्यात 'कॅनाबिस' म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे अशी व्याख्या आली. शेंड्याविना असलेली पानं आणि बिया वगळल्या, वाखासाठी आणि बियांसाठी केलेली लागवडही वगळली. आपल्या देशाने १९८५ साली एनडीपीएस कायदा केला. २३ ऑगस्टला विधेयक मांडलं, १६ सप्टेंबरला राष्ट्रपतींची सही झाली, १४ नोव्हेंबरला कायदा लागू. इंग्रजांनी वर्षभर साक्षी घेतल्या, इथे चोवीस दिवसांत काम आटोपलं.

तरी त्या कायद्यातही शेंड्यापासून वेगळी असलेली पानं-बिया गांजात मोजलेल्या नाहीत. वाख आणि बी यांसाठी लागवडीला सरकार परवानगी देऊ शकतं, असं कलम १४ मध्ये लिहिलेलं आहे. म्हणजे दार ठेवलं होतं. पण कुलूप उघडायला कुणी आलं नाही. उत्तराखंडाने २०१८ साली औद्योगिक लागवडीचा परवाना दिला तोवर तेहतीस वर्षं उलटली होती. २०२१ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने या बिया, त्यांचं तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. भाचीने पाहिलेली पिशवी त्यातलीच. त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे गांजा लावण्याची परवानगी मागितली. इतर पिकांना भाव मिळत नाही हे त्याचं कारण. लोक हसले. मला हसू आलं नाही. कोरडवाहू शेतकऱ्याने असा अर्ज करावा, याचा अर्थ दुष्काळी मुलखात राहणाऱ्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

नियमाच्या एका फटक्यात बी आणि वाखही जातात, असं इतरत्रही घडलं आहे. अमेरिकेत २००१ साली तिथल्या अमली पदार्थ खात्याने हेम्पच्या बियांचे खाद्यपदार्थ बंद करणारे नियम काढले. व्यापारी कोर्टात गेले आणि २००४ साली जिंकले. बियांत नशा नसताना गांजाच्या नावाखाली त्यांच्यावर बंदी आणायचा खात्याला अधिकारच नाही, असं न्यायालयाने ठरवलं.

कुणी म्हणेल, एकाच झाडाचं बी चालतं आणि शेंडा चालत नाही, हे कसं निभावणार? अहो, आपण ते रोज निभावतो. खसखस अफूच्याच बोंडातली. दिवाळीला अनारशावर ती थापताना कुठल्या गृहिणीच्या मनात अफू येते? आपल्या कायद्यानेही अफूच्या बोंडातून बी वगळलेलं आहे. उलट दुबईत खसखशीलाच बंदी आहे, म्हणून तिकडे जाणाऱ्या नातेवाइकांनी सामानात अनारसे नेऊ नयेत हे जाता जाता सांगून ठेवतो. नाव एक म्हणून सगळंच गुन्हा ठरवलं की काय होतं, त्याचं हे उदाहरण.

मी गांजाची तरफदारी करतोय असं कृपया कुणी समजू नये. माझा एक हुशार विद्यार्थी या व्यसनापायी कॉलेज सोडून बसला आणि पुन्हा उभा राहिला नाही. त्याच्या आईचा चेहरा मी विसरलेलो नाही. तुरीच्या, कपाशीच्या आड गांजा लावल्याच्या बातम्या आपण वाचतो. परवानगी दिली तर तिच्या आडोशाने चोरटी लागवड वाढेल ही भीतीही खरी आहे. त्यासाठी नशेचं प्रमाण तपासावं, बियाणं प्रमाणित करावं, शेताची पाहणी ठेवावी. कष्टाचं काम आहे. सरसकट बंदी सोपी, कारण तीत कुणाला काही तपासावं लागत नाही. पण गुटख्यावर महाराष्ट्राने २०१२ साली बंदी घातली, आणि आजही कुठल्याही टपरीवर जाऊन पाहा.

तेव्हा भाचीला माझं उत्तर असं. नशेवर बंदी घाला, पण ती नशा झाडाच्या कोणत्या भागात आणि किती आहे हे पाहून घाला. वाखाचं, बियाचं पीक त्यात ओढू नका. आणि घालण्यापूर्वी ज्याचं रान जाणार आहे त्याला विचारा. १८९३ साली परक्या सरकारने एवढं केलं होतं, आपल्याने निदान त्याच्या मागे तरी राहू नये. सुक्याबरोबर ओलंही जळतं ही म्हण आपल्या पूर्वजांनी तक्रार म्हणून करून ठेवली आहे. तिचा कायदा करायला नको.

असो. लेख लांबला. नगर-साताऱ्याकडच्या जुन्या लागवडीच्या आठवणी कुणी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या असतील तर जरूर कळवा. आणि अंबाडीची भाजी अजून कुणाच्या घरी कण्या घालून होत असेल, तर तेही.