प्रतिकृती रेल्वे इंजिनाची दुरुस्ती व सफाई

प्रतिकृती रेल्वे इंजिन म्हणजे खऱ्या इंजिनाची ठरावीक प्रमाणात लहान केलेली, बहुधा विजेवर चालणारी प्रतिकृती होय. असे इंजिन धावता धावता थांबणे, अडखळणे किंवा नुसते गुणगुणत जागीच राहणे ही या छंदातील सर्वांत नित्याची तक्रार आहे. तिचे कारण मोटर जळणे हे क्वचितच असते; बहुतेक वेळा मळ, घट्ट झालेले वंगण किंवा सैल पडलेला विद्युत संपर्क आढळतो. क्रमाने तपासणी केल्यास असे इंजिन घरीही पूर्ववत करता येते. घाईने उघडलेले जुने इंजिन मात्र कायमचे निकामी होऊ शकते.

प्रमाण आणि रचना

जगभर सर्वाधिक प्रचलित असलेले प्रमाण एचओ या नावाने ओळखले जाते. त्यात १:८७ असे लघुकरण असते व रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. हे अंतर १,४३५ मिलिमीटरच्या प्रमाण गेजवरून आले आहे. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा असल्याने, पुणे–सोलापूर मार्गावरील मोहोळ स्थानकाची काटेकोर प्रतिकृती करावयाची झाल्यास रुळांत सुमारे १९.३ मिलिमीटर अंतर लागेल. तसे तयार रूळ सहसा मिळत नाहीत, म्हणून भारतीय इंजिनांच्या प्रतिकृती १६.५ मिलिमीटरवरच चालवल्या जातात आणि समोरून पाहिल्यास त्यांची चाके किंचित आत गेलेली दिसतात. याच जिल्ह्यातील कुर्डुवाडीहून निघणाऱ्या बार्शी लाइट रेल्वेची गोष्ट वेगळी आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी उभारलेला आणि १८९७ मध्ये सुरू झालेला हा नॅरोगेज मार्ग ७६२ मिलिमीटरचा होता. १:८७ प्रमाणात हे अंतर ८.७६ मिलिमीटर येते व बाजारात सहज मिळणारे ९ मिलिमीटरचे रूळ त्यास जवळजवळ तंतोतंत जुळतात.

सामान्य दुरुळी पद्धतीत दोन रुळांवर १२ व्होल्टपर्यंतचा एकदिश प्रवाह सोडतात. चाकांमधून वीज घेणाऱ्या बारीक धातूच्या पट्ट्या ती मोटरपर्यंत नेतात. मोटरचा दंड वर्म गिअर फिरवतो आणि दात्यांमार्फत आस फिरतो. मर्कलिन कंपनीची एचओ इंजिने रुळांच्या मध्यभागी असलेल्या संपर्कबिंदूंवरून पोटाखालच्या सरकपट्टीने वीज घेतात. अशा इंजिनात प्रथम ती सरकपट्टी पाहावी लागते.

दोषाचा शोध

पहिला प्रश्न दोष इंजिनात आहे की रुळात, हा असतो. त्याच रुळावर दुसरे इंजिन नीट धावत असेल तर रुळाला दोष देता येत नाही. इंजिन उलटे धरून ९ व्होल्टच्या बॅटरीच्या दोन तारा दोन्ही बाजूंच्या चाकांना टेकवल्यावर ते फिरले, तर वीज रुळातून चाकापर्यंत पोहोचत नाही, असा अर्थ होतो. फिरले नाही, तर वरचे आवरण काढून त्याच तारा मोटरच्या टोकांना लावाव्यात. आता मोटर फिरल्यास दोष पट्ट्यांत किंवा जोडतारांत असतो. मोटर गुणगुणते पण फिरत नाही, तेव्हा दाते अडकले असण्याचा संभव अधिक असतो. अशा वेळी प्रवाह सुरू ठेवू नये, कारण थबकलेली मोटर चालत्या मोटरपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह ओढते आणि तिचे वेटोळे तापते.

डिजिटल नियंत्रणाच्या इंजिनात मोटरला थेट बॅटरी लावणे धोक्याचे आहे. आतला डीकोडर आधी वेगळा करावा लागतो, नाहीतर तोच निकामी होतो.

चाके व रूळ

चाक आणि रूळ यांच्यात सतत उडणाऱ्या सूक्ष्म ठिणग्या, धूळ आणि सांडलेले तेल यांचा मिळून काळा, विद्युतरोधक थर बसतो. कापडाच्या पट्टीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकून ती रुळावर अंथरावी, इंजिनाची एका टोकाची चाके तिच्यावर व दुसऱ्या टोकाची उघड्या रुळावर ठेवावीत आणि प्रवाह सोडावा; चाके आपोआप पुसली जातात. मग इंजिन फिरवून दुसरे टोक पुसावे. पकडीसाठी काही चाकांवर रबरी कडे असते. ते ताठर किंवा सैल झाले असल्यास बदलावे.

पॉलिश पेपरचा मोह टाळलेला बरा. त्याने चाक क्षणभर चकाकते, पण उमटलेल्या ओरखड्यांत मळ पूर्वीपेक्षा लवकर साठतो. लोखंडी घासणीही वापरू नये. तिचे तुकडे मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात. थिनर किंवा ॲसिटोनने प्लास्टिक विरघळते. अल्कोहोलसुद्धा ज्वलनशील असल्याने खोली हवेशीर असावी व रंगावर ते आधी आतल्या कोपऱ्यात तपासून पाहावे.

मोटर

कम्युटेटरवर कार्बन ब्रशची भुकटी साचते आणि त्याच्या खाचा भरल्यास मोटर मंदावते. अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पृष्ठभाग पुसून खाचा लाकडी दातकोरण्याने मोकळ्या करतात. ब्रशमागची स्प्रिंग काढताना हात व इंजिन पारदर्शक पिशवीत ठेवण्याची युक्ती अनुभवी छंदकार वापरतात, कारण उडालेली स्प्रिंग पुन्हा सापडत नाही. जुन्या उघड्या मोटरचे चुंबक बाहेर काढल्यास त्याची शक्ती कायमची घटू शकते. काढावेच लागले तर त्याच्या दोन्ही ध्रुवांना लगेच लोखंडी पट्टी जोडावी. आजकालच्या डबाबंद मोटरी मात्र उघडण्यासाठी नसतातच, त्या सरळ बदलल्या जातात.

वंगण

वापर नसलेल्या इंजिनातील ग्रीस कालांतराने मेणासारखे घट्ट होते. सोलापूर जिल्ह्यातील उन्हाळा व कोरडी धूळ पाहता बंद खोकी व आडोसा यांचे महत्त्व येथे अधिक आहे. जुने ग्रीस पूर्ण काढूनच नवे, प्लास्टिकला न बाधणारे लावावे. आसाच्या टोकांना सुईच्या अग्राएवढा तेलाचा थेंब पुरतो. जास्तीचे तेल ओघळून कम्युटेटरवर व रुळावर येते आणि दुरुस्तीनंतर काही दिवसांतच तीच तक्रार पुन्हा उद्भवते. आसाभोवती गुंडाळलेले केस व गालिच्याचे धागे चिमट्याने काढावेत. जमिनीवर मांडलेल्या रुळांवर हा दोष हमखास आढळतो.

महाराष्ट्रातील स्थिती

पुण्यात कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी स्थापलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. तेथे एका लघुनगरात अनेक गाड्या प्रेक्षकांसमोर चालवून दाखवल्या जातात. घरगुती संचापेक्षा अशा ठिकाणी इंजिने कितीतरी अधिक तास धावतात, त्यामुळे चाके व रुळांची सफाई हा नित्यक्रमाचाच भाग ठरतो. आयात केलेल्या इंजिनांचे सुटे भाग लहान गावांत सहज मिळत नाहीत. तेथे घड्याळे किंवा शिलाई यंत्रे दुरुस्त करणाऱ्यांचे बारीक पेचकस, चिमटे व हलके तेल उपयोगी पडते.

दुरुस्त न होणारे दोष

तडा गेलेले प्लास्टिकचे दातेचक्र चिकटवून टिकत नाही, ते बदलावेच लागते. चाक फिरताना ठरावीक अंतराने टक् असा आवाज येणे ही त्याची खूण आहे. जस्ताच्या मिश्रधातूत शिसे मिसळले गेले असल्यास जुन्या इंजिनाचा सांगाडा फुगतो, त्याला भेगा पडतात व शेवटी त्याचा भुगा होतो. याला छंदकार जस्तरोग म्हणतात. त्यावर उपाय नाही. मात्र तो एका इंजिनातून शेजारच्या इंजिनाला लागतो हा समज चुकीचा आहे. असे इंजिन चालवण्याचा प्रयत्न न करता त्यातील मोटर, चाके व दिवे काढून ठेवतात.