न पाहिलेला वाघ

जपानी प्राणिचित्रणाच्या इतिहासात 'शासेई' म्हणजे प्रत्यक्ष वस्तू निरखून चित्र काढण्याच्या पद्धतीस मोठे स्थान आहे. क्योतोच्या मारुयामा ओक्यो (१७३३–१७९५) याने तिला संप्रदायाचे रूप दिले. परंतु या पद्धतीची खरी कसोटी पाहिली ती वाघाने. कारण जपानच्या अरण्यात वाघ नव्हताच. चीन व कोरिया येथील चित्रांतून आणि आयात झालेल्या कातड्यांतून तेवढा तो चित्रकारांना भेटे.

या उणिवेची जाणीव त्यांना होती. अंगणात कोंबडी पाळून त्यांचे निरीक्षण करणाऱ्या इतो जाकुचू (१७१६–१८००) याने १७५५ मध्ये पंजा चाटणारा वाघ रंगविला. आपण खऱ्या वस्तूंवाचून काही चितारीत नाही. पण या देशात वाघ नसल्याने चिनी चित्रकार माओ यी याचे अनुकरण केले आहे, अशा आशयाची कबुली त्याने चित्रावरच दिली. ओक्योने कातड्यावरून पट्ट्यांचा व केसांचा अभ्यास केला. १७८७ मध्ये कोतोहिरा येथील देवस्थानात त्याने वाघ रंगविले. कातडे लोकरीचा पोत शिकवी, डोळे मात्र शिकवू शकत नसे. ते घरच्या मांजराकडून आले. म्हणून त्या काळच्या अनेक वाघांच्या डोळ्यांत बाहुलीच्या जागी उभी चीर दिसते. वाघाची बाहुली तर गोल असते.

ही चूक खरीच. पण तिच्यावरून या कलेस खोटी ठरविणे उतावळेपणाचे होईल. ओक्योचा शिष्य नागासावा रोसेत्सू याने १७८६ मध्ये मुर्योजी मंदिराच्या सरकत्या दारांवर प्रचंड वाघ काढला. त्याच दारांच्या मागील बाजूस पाण्यातील माशावर टपलेले मांजर आहे. परिचिताच्या आधाराने अपरिचितापर्यंत जाण्याची वाट रोसेत्सूने लपविली नाही.

शिवाय प्रत्यक्ष दर्शनानेही सारे उलगडत नाही. जपानी चित्रपरंपरेत बिबळ्या ही वाघाची मादी समजली जाई. क्योतोच्या निजो किल्ल्यातील चित्रांत दोघे एकत्र वावरतात. १८६० मध्ये एदो नगरात जिवंत बिबळ्या लोकांसमोर आला, तेव्हा त्यावेळच्या छापील चित्रांनी त्याला वाघच म्हटले. डोळ्यांपुढे जनावर होते. पाहत होती ती परंपरा. वास्तववादाची चर्चा करताना, चित्रकाराने काय पाहिले याइतकेच, पाहण्यापूर्वी त्याला काय ठाऊक होते, हेही विचारावे लागते.