दहा आठवड्यांचे स्वयंसेवक : आफ्रिकेतील ग्रामशाळा व संगणक, २०००–२००९

नोव्हेंबर २००५ मध्ये ट्युनिस येथे भरलेल्या माहिती-समाजविषयक जागतिक परिषदेत निकोलस निग्रोपाँटी यांनी शंभर डॉलरच्या संगणकाचा नमुना मांडला. विजेवाचून चालावा म्हणून त्यास हाताने फिरवावयाचा एक दांडा बसविला होता. संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन सरचिटणीस कोफी अन्नान यांनी तो फिरवून पाहताच निखळला. २००७ मध्ये ‘एक्सओ’ या नावाने ते यंत्र कारखान्यातून बाहेर पडू लागले, तेव्हा दांडा नाहीसा झालेला होता आणि किंमत १८० डॉलरच्या पुढे गेली होती. हा प्रसंग बहुधा विनोद म्हणून सांगितला जातो. वस्तुतः विजेचा जो प्रश्न यंत्राने सोडवावयाचा होता, तो येथून पुढे यंत्र घेऊन जाणाऱ्या माणसाच्या अंगावर पडला.

अशी माणसे आफ्रिकेत मोठ्या संख्येने पाठविण्याचा प्रयत्न २००९ मध्ये झाला. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या संस्थेने विद्यापीठीय विद्यार्थ्यांची ३० पथके निवडली. प्रत्येक पथकास १०० यंत्रे व १०,००० डॉलरपर्यंत रक्कम दिली, आणि जूनमध्ये किगाली येथे अल्पकाळ प्रशिक्षण देऊन त्यांना निरनिराळ्या देशांतील शाळांकडे रवाना केले. मुक्काम सुमारे दहा आठवड्यांचा. प्रवास व निवास हेही त्याच रकमेतून भागवावयाचे असल्याने सौरपट्ट्या, जनित्र आणि तारजोडणी यांसाठी उरेल तेवढ्यातच काम चालवावे लागे. त्याच वर्षीच्या जानेवारीत संस्थेने आपला निम्मा नोकरवर्ग कमी केला होता, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. स्वयंसेवकांची संख्या वाढविली जात असता त्यांच्या पाठीशी उभे राहणारे कार्यालय आटत होते.

तथापि वीज व पैसा यांच्या अडचणी डोळ्यांना दिसणाऱ्या होत्या. कालगणनेची अडचण तशी नव्हती, आणि म्हणूनच ती अधिक घातक ठरणारी होती. हे दहा आठवडे अमेरिकन विद्यापीठांच्या उन्हाळी सुट्टीवरून ठरले होते. पश्चिम आफ्रिकेतील बहुतेक देशांत जुलैच्या सुमारास पावसाळी सुट्टी लागते; वर्ग रिकामे होतात, शिक्षक आपापल्या गावी जातात, मुले शेताच्या कामास लागतात. पूर्व व दक्षिण आफ्रिकेत शालेय वर्ष जानेवारीत सुरू होत असल्याने तेथे शाळा चालू सापडे खरी, परंतु अभ्यासक्रमाच्या ऐन मध्यावर. परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या शिक्षकाने परक्या यंत्रासाठी तास मोडावेत, ही अपेक्षा करणे सोपे आणि पुरी करणे कठीण होते.

दुसरे संकट संस्थेच्या स्वतःच्याच तत्त्वांतून उद्भवले. यंत्र मुलाच्या मालकीचे असावे आणि शाळेतील एकही मूल त्यावाचून राहू नये, ही तिची मूळ भूमिका. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैरात येथील एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये हाच प्रयोग झाला, तेव्हा पट विशीच्या घरातला असल्याने तत्त्व निभावले. आफ्रिकेतील प्राथमिक शाळेचा पट कित्येकदा काही शेकड्यांचा असतो. तेथे शंभर यंत्रे म्हणजे शंभर मुलांची निवड, आणि उरलेल्यांना नकार. एखादा वर्ग निवडावा, की यंत्रे सामाईक ठेवून मालकीचे तत्त्वच सोडावे? विशीतल्या परदेशी तरुणाने हा निर्णय करावयाचा, आणि त्याचे परिणाम मात्र तो परतल्यावर मुख्याध्यापकाने गावकऱ्यांसमोर निस्तरावयाचे, अशी ही विभागणी होती. योजनेतील सर्वांत मोठा दोष तो हाच, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

स्वयंसेवक परकाच असला पाहिजे असे नाही, हे नामिबियाने या आधीच दाखविले होते. २००० मध्ये तेथे ‘स्कूलनेट नामिबिया’ ही संस्था निघाली. वापरलेले संगणक दुरुस्त करावयाचे, एका मुख्य यंत्रास अनेक साधी यंत्रे जोडावयाची आणि लिनक्स ही मुक्त प्रणाली वापरावयाची, अशी तिची पद्धत. काम करणारे हात होते शाळा संपवून बेकार बसलेल्या स्थानिक तरुणांचे. त्यांना आधी विद्यावेतनी उमेदवारांप्रमाणे शिकवावयाचे आणि मग शाळाशाळांतून धाडावयाचे. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने कार्यालयीन आज्ञावली विनामूल्य देऊ केली, ती संस्थेने नाकारली. कारण ती चालविण्यास लागणाऱ्या विंडोज प्रणालीचे मूल्य संस्थेलाच भरावे लागणार होते. देणगीचा हिशेब इतक्या रोखठोकपणे मांडणारी उदाहरणे या क्षेत्रात थोडी आहेत.

अर्थात अडचणी येथेही होत्या. यंत्र शिकलेला तरुण राजधानीत नोकरी मिळताच स्वयंसेवकाचे काम सोडी. त्याच्या दृष्टीने तेच योग्य होते. पण तो ज्या भाषेत शिक्षकाशी बोले ती शिक्षकाची होती, आणि उत्तरेकडील शाळेत यंत्र बंद पडले तर तेथे पोहोचण्यास त्याला विमानाचे तिकीट लागत नव्हते. काही वर्षांत ही जोडणी तीनशेंहून अधिक शाळांपर्यंत गेली. २००६ मध्ये शिक्षण मंत्रालयाने ‘टेक-ना’ ही स्वतःची योजना सुरू केली आणि शाळांना यंत्रे पुरविण्याचे काम क्रमाने शासनाकडे गेले. दशकाच्या अखेरीस ‘स्कूलनेट’चे कार्य थांबले.