कीर्द, खतावणी आणि फेरफार : खानदेशातील जमीनदप्तराच्या इतिहासातील एक प्रश्न

मराठी हिशेबपद्धतीत कीर्द आणि खतावणी ही दोन पुस्तके निरनिराळी ठेवण्याची चाल जुनी आहे. दिवसभरात जे घडले ते, घडले त्या क्रमाने, कीर्दीत उतरावयाचे आणि मग त्याच नोंदी ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत चढवावयाच्या. कीर्द व्यवहाराची वाटचाल सांगते. त्या वाटचालीअखेर कोणाचे काय उरले, हे खतावणी सांगते. खतावणीतील आकड्याविषयी शंका आली की सावकार असो वा सरकारी कारकून, तो कीर्दीकडे वळतो. दोहोंचा सांधा शाबूत आहे तोवरच दोहोंना किंमत.

संगणकाच्या काळात हाच भेद नव्या नावांनी पुढे आला आहे. जर्मनीत १९७२ साली आय.बी.एम. सोडून बाहेर पडलेल्या पाच जणांनी सॅप ही संस्था काढली. पुढे ‘एंटरप्राइज रिसोर्स प्लॅनिंग’ या नावाने रूढ झालेल्या प्रणालींत तिचे स्थान अग्रभागी राहिले. कारखान्यातील माल, देणी-घेणी, मागण्या व मनुष्यबळ यांची सद्यःस्थिती एका ठिकाणी ठेवणे हे या प्रणालींचे मुख्य काम, म्हणून त्यांना खतावणीच्या वंशातील समजण्यास हरकत नाही. ‘बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट’ची प्रणाली याहून वेगळी. कागद कोणाच्या मेजावरून कोणाकडे जावा, मान्यता कोणी व किती दिवसांत द्यावी, हरकत आल्यास पुढे काय करावे, याची ती व्यवस्था लावते. या दोन प्रणाली एकत्र कशा आणाव्यात हा प्रश्न अगदी अलीकडचा म्हणून चर्चिला जातो. वस्तुतः खानदेशच्या जमीनदप्तरात तो दीडशेहून अधिक वर्षे उभा आहे, आणि त्याची किंमत रयतेने मोजली आहे.

खानदेश १८१८ मध्ये इंग्रजी अंमलाखाली आला व धुळे हे जिल्ह्याचे ठाणे झाले. १८४७ च्या संयुक्त अहवालाने मुंबई इलाख्याच्या मोजणीची तत्त्वे निश्चित केली: प्रत्येक शेत मोजावयाचे, जमिनीची प्रत लावावयाची, त्यावरून सारा ठरवावयाचा आणि तो साधारणतः तीस वर्षे कायम ठेवावयाचा. ही मोजणी तापीकाठी पोहोचली तेव्हा १८५२ मध्ये सावदा, यावल, चोपडे, एरंडोल या भागांत लोक तिच्याविरुद्ध उठले. सरकारने लष्कर आणून तो उठाव मोडला व मोजणी पुढे चालू ठेवली. साऱ्यात वाढ होईल ही भीती या उठावाच्या मुळाशी होती हे खरे. परंतु तेवढ्याने त्याचा उलगडा होत नाही. ज्या पुस्तकात आपले शेत, त्याची प्रत व त्यावरील आकार लिहिला जाणार, त्या पुस्तकात आपले म्हणणे कोठे लिहिले जावे याची निश्चित जागा रयतेला दिसत नव्हती. आज केळीच्या बागांसाठी ख्यात असलेल्या या प्रदेशात सरकारी नोंदवहीशी शेतकऱ्याची पहिली मोठी गाठ पडली ती अशी.

मोजणीचे हे पुस्तक तयार होताना निर्दोष होते असे क्षणभर मानले तरी ते निर्दोष राहणे शक्य नव्हते. सारा कोणाकडून घ्यावयाचा एवढ्यापुरते खातेदाराचे नाव त्यात होते. बाप मरे, भाऊ वेगळे होत, शेत सावकाराकडे गहाण पडे. पुस्तकात मात्र जुनेच नाव राही. खतावणी होती, कीर्द नव्हती. १८७५ च्या दक्षिणेतील दंग्यांनंतर शेतकऱ्याच्या कर्जाची चौकशी झाली, तरी जमिनीवरील प्रत्यक्ष हक्कांची नोंद ठेवणारा स्वतंत्र कायदा मुंबई इलाख्यात आला तो १९०३ मध्ये. १९१३ मध्ये तो १८७९ च्या जमीन महसूल संहितेत समाविष्ट झाला. दरम्यान १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि जळगाव हे स्वतंत्र दप्तराचे ठिकाण बनले.

हक्कनोंदणीने जी गाव नमुन्यांची व्यवस्था रूढ केली, तीत कीर्द आणि खतावणी यांचा सांधा प्रथमच पक्का झाला. नमुना ७ मध्ये हक्क, नमुना १२ मध्ये पिके आणि नमुना ६ मध्ये बदल. या नमुन्यांची लोकव्यवहारातील नावे भाषेच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगी आहेत. सात आणि बारा हे दोन अनुक्रमांक जुळून ‘सातबारा’ हे एक पुल्लिंगी नाम झाले. त्याचा ‘उतारा’ निघतो, तो ‘कोरा’ होतो. खात्याचा नमुनाही ‘आठ-अ’ या क्रमांकानेच ओळखला जातो. परंतु नमुना ६ ला कोणी ‘सहा’ म्हणून हाक मारीत नाही, तो ‘फेरफार’. स्थितीच्या पुस्तकाला क्रमांक पुरला, गतीच्या पुस्तकाला क्रियेचेच नाव लागले.

फेरफाराची रीत १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने कायम ठेवली. जमिनीवर हक्क संपादन करणाऱ्याने तीन महिन्यांत तलाठ्यास वर्दी द्यावी, तलाठ्याने नोंद घेऊन तिची प्रत चावडीवर लावावी, हितसंबंधितांना लेखी कळवावे, हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घ्यावी व अधिकाऱ्याने चौकशीनंतर नोंद प्रमाणित करावी, असा तिचा क्रम आहे. प्रमाणनापर्यंत सातबाऱ्यावर ही नोंद पेन्सिलीने होई. प्रमाणित झाली की शाईने, आणि जुने नाव कंसात जाई. कोऱ्या शिसाने लिहिलेले ते नाव सर्वांना सांगे की काही घडत आहे, पण घडून गेलेले नाही. प्रमाणित नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते. तेव्हा पेन्सिल आणि शाई यांमधील ते दिवस हीच बहिणीला, सहहिस्सेदाराला किंवा कुळाला आपले म्हणणे मांडण्याची सोय होती.

संगणकीकरणाने आरंभी नेमका हा सांधा दुर्लक्षिला. १९८८-८९ मध्ये केंद्र सरकारने आठ जिल्ह्यांत भूमिलेखांचे संगणकीकरण प्रयोगादाखल हाती घेतले; त्यांत महाराष्ट्रातील वर्धा होता. पुढे राज्यभर सातबारा यंत्रात भरला गेला, फेरफार मात्र बराच काळ तलाठ्याच्या हस्तलिखित वहीतच होत राहिला. परिणाम अपेक्षित असाच झाला: एकाच शेताचे दोन सातबारे, हाताचा आणि यंत्राचा, आणि दोहोंत अंतर. मोजणीच्या पुस्तकाने एकोणिसाव्या शतकात जो अनुभव दिला होता, तोच पुन्हा आला. या खेपेस वर्षे कमी लागली एवढाच फरक.

ई-फेरफार प्रणालीने कार्यपद्धती आणि अभिलेख एकाच यंत्रव्यवस्थेत आणले. त्याआधी हस्तलिखित व संगणकीय उताऱ्यांचा ताळा घेण्याचे व चुका दुरुस्त करण्याचे किचकट काम तलाठ्यांना करावे लागले. १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले गेले की त्याची माहिती महसूल यंत्रणेकडे जाते, तेथे फेरफाराची नोंद होते, नोटिसा निघतात, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच सातबारा बदलतो. दोन खाती, दोन कायदे, दोन प्रणाली; त्या एकमेकींत विरघळविल्या नाहीत, निरोपाने जोडल्या. कारखान्यांतही कार्यपद्धतीचे नियम मूळ लेखाप्रणालीच्या पोटात कोंबण्यापेक्षा बाहेर ठेवून जोडणे श्रेयस्कर ठरते, कारण नियम वारंवार बदलतात आणि लेख टिकावयाचा असतो. उताऱ्याच्या नव्या नमुन्यात ‘प्रलंबित फेरफार’ अशी एक ओळ असते. ती जुनी पेन्सिल होय. जोडणी करणाऱ्यांनी वेगाच्या हव्यासात ही ओळ गाळली असती, तर यंत्र अधिक चपळ झाले असते आणि हरकतदार मुका.

खरेदीखताचा निरोप असा आपोआप पोहोचतो; वारसाचा पोहोचत नाही. मृत्यूची नोंद १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाखाली होते. पण सातबाऱ्यावर वारस लागण्यासाठी वारसानेच वर्दी द्यावी लागते. मग ती नमुना ६-क च्या वारस नोंदवहीत चढते व चौकशीनंतर फेरफार होतो. अर्ज आता संगणकावरही करता येतो, परंतु करावा लागतो. तलाठ्याच्या पदाचे नाव २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी असे झाले; हा क्रम बदललेला नाही. वर्दी कोणी दिलीच नाही, तर मृताचे नाव तसेच राहते. मुलगा शेत कसतो, पीककर्जाच्या वेळी अडतो. आणि सासरी गेलेल्या मुलीचा हक्क कोणी नाकारलेला नसतो, तो फक्त कोठे लिहिलेला नसतो.