अडवलेले पाणी आणि वल्ही : नाशिकच्या नौकानयनाचा पूर्वेतिहास

नाशिकचे नाव घेतले की गोदावरी आठवते, रामकुंड आठवते, सिंहस्थ आठवतो. नौकानयन मात्र आठवत नाही. आमच्याकडे नदी ही स्नानाची, श्राद्धाची आणि पुराची. तीवर होडी हाकणे हे भोई-कोळ्यांचे पोटापाण्याचे काम होते. खेळ म्हणून कोणी वल्ही मारील ही कल्पना या गावाच्या स्वभावात नव्हती. असे असूनही भारताचा एक ऑलिंपिक नौकानयनपटू या जिल्ह्यातून आला आणि तो गोदाकाठचा नव्हता. ही विसंगती कशी घडली हे पाहायचे तर थोडे मागे जावे लागते.

हिंदुस्थानात हा खेळ इंग्रजांबरोबर आला. कलकत्ता रोइंग क्लब १८५८ सालचा, मद्रास बोट क्लब १८६७ सालचा आणि पुण्याचा क्लब (पुढे 'रॉयल कनॉट' हे नाव मिरवणारा) १८६८ सालचा. अवघ्या दहा वर्षांत तीन शहरांत तीन क्लब निघाले, ते गोऱ्या अधिकाऱ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या फावल्या वेळेसाठी. एतद्देशीयांना त्यांत स्थान नव्हते. पुण्याच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून मुळा-मुठेवर बंधारा झाला, तो शहराला पाणी मिळावे म्हणून. त्या बंधाऱ्यामागे जो फुगवटा तयार झाला त्यावर होड्या आल्या. आपल्या दख्खनच्या नद्या उन्हाळ्यात खडकांवरून धारेने वाहतात. त्यांच्यावर शर्यत होणे शक्यच नाही. पाणी अडवले तरच येथे नौकानयन होते. महाराष्ट्रातल्या या खेळाचा इतिहास म्हणूनच धरणा-बंधाऱ्यांच्या इतिहासाला चिकटलेला आहे.

१९२८ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब निघाला आणि खेळ विद्यार्थ्यांच्या हाती आला. त्या महाविद्यालयाचा रेगाटा आजही पुणेकरांच्या ओळखीचा आहे. मात्र एकेकटा क्लब फार काही करू शकत नाही. शर्यतीला प्रतिस्पर्धी हवा, होडीच्या मापांचे एकमत हवे, पंच हवेत, तारखा ठरायला हव्यात. या गरजेतून १९३३ साली 'अमॅच्युअर रोइंग असोसिएशन ऑफ द ईस्ट' ही संघटना उभी राहिली. कलकत्ता, मद्रास, पुणे यांच्याबरोबर कोलंबो आणि कराचीचे क्लबही तिच्या छत्राखाली आले. त्या काळी देशांच्या सीमा वेगळ्या होत्या, म्हणून मद्रास आणि कोलंबो एका पंगतीला बसले यात नवल नाही. नवल हे की फाळणी झाली, राज्ये बदलली, तरी ते धागे पुरते तुटले नाहीत. राष्ट्रीय महासंघ, म्हणजे रोइंग फेडरेशन ऑफ इंडिया, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९७६ साली स्थापन झाला.

अशी संघटना क्लबला नेमके काय देते? वरवर पाहिले तर नियमपुस्तक आणि पदके. खरे तर ती क्लबला एक ओळख देते. तिच्यामुळे गावातल्या चार पोरांची होडी राज्याच्या आणि देशाच्या वेळापत्रकात नोंदली जाते. जिल्ह्यातला मुलगा राज्य स्पर्धेला आणि तेथून राष्ट्रीय स्पर्धेला जातो, ही पायरी संघटनेने बांधलेली असते. आणि जिने चढवायचे तिच्याच हाती उतरवण्याचीही सत्ता असते, याचा उल्लेख पुढे येईल.

पाणी मात्र संघटनेचे नसते. ते जलसंपदा खात्याचे, महापालिकेचे, शेताचे आणि पिण्याचे असते. नाशिकमध्ये हे फार स्पष्ट दिसते. दारणा धरण, नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा हे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतले. गंगापूर धरण स्वातंत्र्यानंतरचे. हे सगळे पाणी कालव्यांसाठी आणि नळांसाठी अडवले गेले. नांदूर मध्यमेश्वरच्या फुगवट्यावर पक्षी आले आणि २०२० साली ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ झाले. गंगापूरच्या जलाशयावर पर्यटन महामंडळाच्या होड्या आल्या. के.टी.एच.एम. महाविद्यालयाजवळ गोदावरीवर बोट क्लब निघाला. सहलीची होडी वेगळी आणि शर्यतीची वेगळी, हे येथे सांगावेसे वाटते. पहिलीला नुसते पाणी पुरते. दुसरीला दोन हजार मीटर सरळ, संथ, पातळी न बदलणारे पाणी लागते, आणि रोज पहाटे लागते.

आता त्या विसंगतीकडे येऊ. दत्तू भोकनळ हा चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. हा दुष्काळी टापू. तेथे विहीर खोदणे हाच पाण्याचा इतिहास. दत्तूने वडिलांबरोबर ते काम केले. पुढे वडील वारले आणि २०१२ साली तो लष्करात गेला. वल्हे त्याने हाती धरले ते पुण्यात, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये. आरंभी पाण्याची भीती वाटे, असे त्याने मुलाखतींत सांगितले आहे. २०१६ साली रिओला एकेरी स्कल्समध्ये तो भारताचा एकमेव नौकानयनपटू होता आणि तेरावा आला. २०१८च्या आशियाई खेळांत स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह त्याने चौघांच्या स्कल्समध्ये सुवर्ण मिळवले. त्याच खेळांतली एकेरी शर्यत अर्धवट सोडल्यावरून २०१९ साली महासंघाने त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली आणि २०२०च्या जानेवारीत ती उठवली. त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

या कथेत प्रेरणा शोधणारे पुष्कळ आहेत. आम्हाला तीत एक प्रश्न दिसतो. भारताच्या नौकानयनाला पदके मिळवून देणारे बहुतेक खेळाडू सैन्यातले आहेत. २०१०च्या आशियाई खेळांत देशाला या खेळातले पहिले सुवर्ण मिळवून देणारा बजरंगलाल ताखर हाही सैन्यातलाच. सैन्याकडे पगार आहे, खुराक आहे, पुण्याच्या दापोडीला स्वतःचे पाणी आहे. गावच्या क्लबकडे यांपैकी काही नाही. नाशिक जिल्ह्यात इतके पाणी अडवलेले असताना येथल्या मुलाला ते सैन्यात जाऊन पुण्यात सापडावे, हे प्रादेशिक व्यवस्थेचे अपुरेपण आहे. क्लब होते, संघटना होत्या. त्या कोरडवाहू तालुक्यापर्यंत पोचल्या नव्हत्या.

आणि शहरातल्या पाण्याचे काय? गोदावरीच्या प्रदूषणाचा प्रश्न २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयात जाऊन उभा राहिला. सांडपाणी मिसळले की जलपर्णी माजते, आणि जलपर्णीत शर्यतीची अरुंद, हलकी होडी चालत नाही. नदीकाठी रोज पहाटे उतरणारी मुले ही नदीच्या प्रकृतीची सर्वांत जुळलेली साक्षीदार असतात. पाणी कधी चढले, कधी वास आला, वेल कोठून वाहत आली, हे त्यांना आधी कळते. क्लबांना पाठबळ देणे म्हणजे होड्या देणे एवढेच नव्हे. धरणातून पाणी सोडण्याचे वेळापत्रक ठरते त्या बैठकीत, नाले वळवण्याचे आराखडे होतात त्या टेबलाशी, या मुलांच्या वतीने कोणीतरी बसले पाहिजे. ते काम एकट्या क्लबच्या आवाक्यातले नाही. प्रादेशिक संघटनेचेच ते आहे.

मद्रासचा अड्यार, पुण्याची मुळा-मुठा, नाशिकची गोदावरी या तिन्ही नद्यांवर सांडपाण्याची अवकळा आली आहे. सिंहस्थाच्या निमित्ताने पुन्हा एकदा घाट बांधले जातील, पैसा खर्च होईल. त्या खर्चात एक स्वच्छ, सरळ, दोन किलोमीटरचा पट्टा आणि काठावर एक शेड एवढे जरी शिल्लक राहिले, तरी चांदवडच्या पुढच्या मुलाला पाण्यासाठी पुण्यापर्यंत जावे लागणार नाही.