मेळ्यांचीं पदें आणि एक मैत्री

तांबड्या जोगेश्वरीच्या देवळामागें एका वाड्याच्या माडीवर मी आणि माझा एक सहाध्यायी १९५५ सालीं खोली घेऊन राहत होतों. भाडें थोडें, ढेकूण पुष्कळ आणि अभ्यासापेक्षां गाण्याची हौस अधिक, असा आमचा संसार होता. पुणें नगर वाचन मंदिरांतून पुस्तकें आणावयाचीं, तीं उशाशीं ठेवावयाचीं आणि मध्यरात्रीपर्यंत पोवाडे, लावण्या व मेळ्यांचीं पदें म्हणत बसावयाचें, हा नित्यक्रम.

हे मेळे आतां बहुतेक विस्मृतींत गेले आहेत. १८९४ च्या सुमारास सार्वजनिक गणेशोत्सवाबरोबर ते पुढें आले. मोहरमाच्या ताबुतांपुढें गाणारे ताफे पुण्यांत पूर्वींपासून होते व हिंदु मंडळीही त्या सणांत हौसेनें मिसळत. तोच घाट उचलून विद्यार्थ्यांचे मेळे उभे राहिले; आणि हिंदूंनीं ताबुतांपासून दूर राहावें, हाच उपदेश त्यांच्या आरंभींच्या पदांतून होऊं लागला! हा प्रकार मला कधींच रुचला नाहीं. मावळ्यांचा पोषाख, हातांत लेझीम किंवा टिपऱ्या, आठवडेच्या आठवडे चाललेली तालीम. चाली पोवाड्याच्या, लावणीच्या, नाहींतर नाटकांतल्या. पदें राजकीय झालीं तशी सरकारची वक्रदृष्टि वळली व १९१० च्या सुमारास कडक निर्बंध आले.

पुढें १९२२ च्या सुमारास केशवराव जेधे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं छत्रपति मेळा काढला आणि ब्राह्मणेतर चळवळीचा आवाज उत्सवांत शिरला. त्या दिवसांत दोन्ही बाजूंच्या मेळ्यांनीं गणपतीसमोर एकमेकांवर जीं पदें म्हटलीं, त्यांतलीं कित्येक चारचौघांत उच्चारण्यासारखीं नाहींत.

माझे काका अशाच एका मेळ्यांत गात असत. संक्रांतीनंतरच्या एका रात्रीं त्यांचें एक पद मीं मोठ्या ऐटींत म्हटलें. मित्र गप्प बसला. मग त्यानें तीच चाल उचलली. शब्द मात्र त्याच्या वडिलांचे, विरुद्ध बाजूच्या मेळ्यांतले. त्यांत माझ्या जातीची अशी संभावना होती कीं, माझ्या हातांतली झांज तशीच राहिली. “आतां कळलें, तुझें पद मला कसें लागलें तें?” एवढेंच तो बोलला. त्यानंतर एका खोलींत राहून आम्ही कित्येक दिवस एकमेकांशीं अक्षर बोललों नाहीं.

६ फेब्रुवारी १९५६ रोजीं पुण्यांत केशवरावांच्याच अध्यक्षतेखालीं भरलेल्या सभेंत संयुक्त महाराष्ट्र समिति स्थापन झाली. टिळकांचे नातू जयंतराव त्याच चळवळींत होते. ज्यांच्याविरुद्ध पदें रचलीं, त्या जेध्यांच्या नांवाला काका आतां टाळ्या वाजवूं लागले! त्याच दिवसांत शाहीर अमरशेख यांचा डफ ऐकावयास आम्ही दोघे वेगवेगळे गेलों, आणि गर्दींत एकमेकांच्या अंगावर आदळलों. परतीच्या वाटेवर बोलणें सुरू झालें. प्रथम चालीविषयीं, बाकीचें मागाहून.

जुने पोवाडे शंकर तुकाराम शाळिग्राम व ॲक्वर्थ साहेब यांनीं १८९१ सालीं छापून राखले. मेळ्यांच्या पदांना तसा वाली भेटला नाहीं, कारण मागाहून तीं ज्यांचीं त्यांनाच अवघड वाटूं लागलीं. काकांची वही त्यांच्यामागें घरच्यांनीं रद्दींत घातली. मित्राच्या वडिलांची वही मात्र टिकली. तिच्या शेवटल्या कोऱ्या पानांवर, मला आठवलीं तेवढीं काकांचीं चार पदें मीं लिहून दिलीं. एकही शिवी गाळावयाची नाहीं, ही त्याची अट होती.